मामांच्या रक्तातले जवान

डिसेंबर १९६५ मध्ये माझ्या मामांनी गोळ्या घेणे बंद केले. कोर्स एकवीस दिवसांचा होता. सहा दिवस त्यांनी त्या नेमाने घेतल्या. सातव्या दिवशी सकाळी उरलेल्या गोळ्यांची पुडी बांधून कोनाड्यात ठेवली आणि पानमळ्यात निघून गेले. विचारल्यावर त्यांनी सांगितले की या गोळ्यांनी रक्तातले जवान कमी होतात, आणि ही वेळ जवान कमी करण्याची नव्हे.

हे कारण त्यांना मी पुरवले होते.

मामा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. सातपाटीपासून चालत पाऊण तासावर त्यांची वाडी होती. कडेने नारळ, मध्ये केळी आणि आत, सावलीला, पानवेलींचा मळा. पानवेलीला ऊन सोसत नाही आणि कोरडेपणाही सोसत नाही, म्हणून मळ्यात बारा महिने पाटाचे पाणी फिरते. त्या पाण्यावर पानवेल जगते आणि डासही जगतात. मळ्यात चपला घालून कोणी शिरत नसे. मामा तर चपला वाडीच्या फाटकाशीच काढत. बाकी कुठल्याही बाबतीत ते सोवळे नव्हते.

खोकला चौसष्ट सालच्या पावसाळ्यात सुरू झाला. दिवसा फारसा नसे. पहाटेपूर्वी दोन तास तो येई आणि छातीतून शिटी वाजवून जाई. गावाने याला दमा म्हटले. अडुळशाचा रस झाला, कोजागिरीच्या चांदण्यात ठेवलेली औषधी खीर झाली, मासवणकडच्या एका जाणत्याने दिलेली मुळी उगाळून झाली. प्रत्येक उपायाचा आठ दिवस गुण आला असे मामा सांगत. मामींच्या मते तो गुण त्या आठवड्यात सुटलेल्या वाऱ्याचा होता. वर्षभरात मामांचे वजन उतरले, पण ते कामाने उतरले असे सर्वांनी ठरवले.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई झाली. तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते. वीज निघायला अजून वर्षे होती, पण केंद्राच्या काळजीने आमच्या किनाऱ्यावर आधीच अंधार करण्यात आला. कंदिलांच्या काचांना काळे कागद लागले. गावात पहारा बसला आणि मामांनी त्यात नाव दिले. त्यांच्या खोकल्यावरून पहारा कुठपर्यंत आला आहे हे सबंध गावाला अंथरुणात कळत असे. शत्रू आला असता तर त्यालाही कळले असते.

मी तेव्हा पालघरला राहून मुंबईच्या एका दैनिकाला बातम्या पाठवीत असे आणि जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात आरोग्याचे सदर लिहीत असे. सदरासाठी लागणारी माहिती पालघरच्या एका जुन्या डॉक्टरांकडून मिळे. दुपारी दवाखाना रिकामा झाला की ते सांगत आणि मी टिपून घेई. ऑक्टोबरात संपादकांचे पत्र आले की सदरातही लढाईचे वातावरण दिसू द्यावे. मी रक्तावर लिहिले. डॉक्टरांनी सांगितले होते की पांढऱ्या पेशी शरीराचे संरक्षण करतात. मी लिहिले की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे जवान. एवढ्यावर भागले असते. पण मजकूर दोन ओळींनी कमी पडतो असे संपादकांनी कळवले, तेव्हा मी आणखी एक वाक्य लिहून पाठवले: ‘ज्याच्या रक्तात जवान जास्त, त्याचा देह सुरक्षित.’ हे वाक्य डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. ते दोन ओळींत बरोबर बसले. संपादकांना इतके आवडले की त्यांनी ते चौकटीत, मोठ्या अक्षरांत छापले.

मामांनी तो अंक जपून ठेवला. भाच्याचे लिखाण म्हणून ठेवला असावा.

नोव्हेंबरात मामींनी हट्टाने त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी छाती ऐकली, कोजागिरीच्या खिरीची चौकशी केली आणि रक्त तपासायला सांगितले. पूर्वी त्यासाठी मुंबईला जावे लागे. आता बोईसर स्टेशनजवळ एका गृहस्थांनी सूक्ष्मदर्शक घेऊन प्रयोगशाळा उघडली होती, कारण तारापूरच्या ठेकेदारांना मजुरांची तपासणी करून हवी असे. मामा सकाळी उपाशी गेले. रांगेत हिंदी बोलणाऱ्या गवंड्यांच्या मध्ये उभे राहिले आणि बोटातून रक्त देऊन आले.

रिपोर्ट मी डॉक्टरांच्या टेबलावर पाहिला. पांढऱ्या पेशींची एक जात असते, जी किड्यांविरुद्ध उठते. शंभर पांढऱ्या पेशींत तिच्या चार-पाच असाव्यात. मामांच्या अठ्ठावन्न होत्या. शिवाय पांढऱ्या पेशींची एकूण संख्याही दुपटीहून अधिक होती. डॉक्टरांनी मामांना सांगितले की हा दमा नव्हे. याला इस्नोफेलिया म्हणतात. डासाच्या चाव्यातून एक बारीक किडा अंगात येतो, अंग त्याच्यावर चवताळते आणि या पेशी भरमसाठ वाढतात. त्या कमी केल्या पाहिजेत, नाहीतर छातीला अपाय करतील. त्यांनी एकवीस दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावले की पहिले आठ दिवस खोकला वाढेल, ताप येईल, तरी थांबायचे नाही.

मामांनी यातले दोन शब्द घरी आणले. एक अठ्ठावन्न आणि दुसरा कमी.

मामांच्या वाडीवर सकाळी सातपाटीची एक मासेवाली येत असे. टोपली अंगणात उतरवून ती आधी बसे, पाणी पिई आणि मग भावाचे बोले. मामांनी तिला रिपोर्ट दाखवला. तिला वाचता येत नव्हते, म्हणून आकडा वाचूनही दाखवला.

“इतरांचे किती असतात?” तिने विचारले.

“चार. लई तर पाच.”

“आनि तुमचे अठ्ठावन. मंग भाऊ, रातभर खोकता कशाला? ते जवान लढतात का नुसती कवायत करतात?”

“लढतात म्हनून तर आवाज येतो,” मामा म्हणाले.

हे उत्तर गावात फिरले. आठवडाभर माणसे रिपोर्ट पाहायला येत होती. लढाई थांबली तरी पहारा उठला नव्हता. त्यातल्या मंडळींनी तर त्यांना पुढे चालायला लावले. गोळ्या चालू झाल्या तसा खोकला खरोखरच वाढला आणि तापही आला. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते, पण मामांनी त्याचा अर्थ आपला लावला. जवानांवर बाहेरून हल्ला झाला आहे आणि ते गप्प बसणार नाहीत. सहा दिवस त्यांनी ही लढाई पाहिली आणि सातव्या दिवशी जवानांच्या बाजूने निर्णय दिला.

मामींचा निरोप आला म्हणून मी गेलो. मामा ओट्यावर पाने लावत बसले होते. लहान-मोठी वेगळी करायची, डागाची काढून टाकायची आणि देठ एका बाजूला घेऊन गड्डी बांधायची. हे काम ते बोलता बोलता करत, आणि बोलणे मनाविरुद्ध गेले की हात जलद चालत. मी त्यांना सांगितले की चौकटीतले वाक्य डॉक्टरांचे नाही. ते मी जागा भरायला लिहिले होते आणि ते चूक आहे.

“तुजं कसं? छापलंय ते.”

मी म्हणालो, की छापले असले तरी लिहिले मीच.

मामांनी गड्डी बांधली आणि बाजूला ठेवली. “बरं. मंग आता जे बोलतोस ते कुठं छापलंय?”

पालघरला परतून मी डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांनी अंक मागवून चौकट वाचली. “मी ‘जास्त’ म्हटलं नव्हतं,” एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले.

मी साप्ताहिकाला दुरुस्ती पाठवली. संपादकांनी कळवले की त्या लेखाबद्दल एकही तक्रार आलेली नाही, उलट दोन शाळांनी चौकट फळ्यावर लिहिली आहे. मी पुन्हा लिहिले. ते म्हणाले, जागा झाली की पाहू.

जागा होण्याआधीच जानेवारी उजाडला आणि हत्तीरोगाचे सरकारी पथक गावात आले. हत्तीरोगही याच किड्याने होतो. तो दिवसा आत दडतो आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतो, म्हणून पथकाचे लोक रात्री दहानंतर दारोदार फिरून बोटे टोचत होते. पंधरा दिवसांनी निकाल लागला. मामींच्या रक्तात किडे होते. मामांच्या रक्तात एकही नव्हता. पथकाच्या निरीक्षकाने मामांना सांगितले की तुमचे रक्त अगदी स्वच्छ आहे, आणि मामींच्या हातावर एक पुडी ठेवली.

पुडीत त्याच गोळ्या होत्या.

मामींना कसलाही त्रास नव्हता. त्या मामांच्या आधी उठत आणि त्यांच्यानंतर निजत, मधल्या वेळात सगळी वाडी शिंपत. त्यांनी गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेतल्या, एक दिवस न चुकवता, आणि पुडीचा कागद घडी करून ठेवला. मामा रोज त्यांना विचारत, किडे मेले का.

हा निकाल मी डॉक्टरांना कळवला. मला वाटले होते की ते बुचकळ्यात पडतील. ते म्हणाले, असेच व्हायला हवे होते. “तुमच्या मामींच्या अंगाने किड्यांना राहू दिलंय. भांडण नाही, म्हणून त्रास नाही. मामांचं अंग त्यांना रक्तात येऊ देत नाही, आधीच मारतं. शत्रू सापडत नाही तो म्हणूनच. पण सैन्य उठलेलं आहे, आणि ते घरी जायला तयार नाही.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. “हे लिहू नका,” ते म्हणाले.

मामांपाशी आता दोन कागद झाले. एकावर जवान अठ्ठावन्न, दुसऱ्यावर शत्रू शून्य. कागद म्हणून दोन्ही खरे होते. गोळ्या घ्या असे सांगणाऱ्याला ते दोन्ही पुढे करत.

दुरुस्ती मार्चमध्ये छापून आली. चौथ्या पानावर, एका लग्नाच्या जाहिरातीत चुकलेल्या गोत्राच्या दुरुस्तीखाली, चार ओळी होत्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रमाणाबाहेर वाढणे हे आजाराचे लक्षण असू शकते, वाचकांनी नोंद घ्यावी. मी अंक घेऊन स्वतः वाडीवर गेलो. मामांनी चष्मा लावला, उजेडाकडे धरून चारही ओळी वाचल्या आणि आत जाऊन ऑक्टोबरचा अंक आणला. दोन्ही शेजारी ठेवले.

“हे बारीक अक्षरात हाय,” ते म्हणाले.

मामी चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, की बारीक असले म्हणून काय झाले, गोळी पण बारीकच असते. मामांनी ते ऐकले नसल्यासारखे केले. मला त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले, की डॉक्टरच्या दाबाखाली माणसाला असे काहीतरी लिहून द्यावे लागते, त्याचे त्यांना वाईट वाटत नाही.

त्या उन्हाळ्यात खोकला थोडा कमी झाला. मामांनी हे जवानांचे यश मानले. खरे म्हणजे ते चालणेच कमी करत होते. पाटाच्या तोंडापासून मळ्याच्या टोकापर्यंत जाताना पूर्वी ते थांबत नसत, आता दोनदा बसत. पानवेली वर चढून गेल्या की वर्षातून एकदा खाली उतरवून त्यांचा बुडखा मातीत गाडावा लागतो, म्हणजे नवा फुटवा येतो. ते काम मामा कधी गड्यावर सोपवत नसत. त्या वर्षी अर्धा मळा झाल्यावर ते म्हणाले, बाकीचे पुढच्या वर्षी करू.

सप्टेंबर १९६६ मध्ये त्यांचे पाय सुजले.

गावाने या वेळी दमा म्हटले नाही. हत्तीरोग म्हटले. आमच्या किनाऱ्यावर हत्तीपाय झालेली माणसे सगळ्यांनी पाहिलेली असतात, आणि पाय सुजला की दुसरे नाव कोणाला सुचत नाही. मामांनाही सुचले नाही. ते घाबरले. दोन वर्षे त्यांच्या छातीत जे चालले होते त्याची त्यांना भीती वाटली नव्हती. पायाची वाटली, कारण पाय लोकांना दिसतो. त्यांना पथकाचा निकाल आठवला आणि ते मामींना म्हणाले, “हे तुज्याकडनं आलं.”

मामी भात वाढत होत्या. त्यांनी पळी ठेवली आणि लुगडे घोट्यापासून चार बोटे वर धरले. घोटे सुकलेल्या फांदीसारखे बारीक होते.

“माज्याकडनं यायचं तर पयलं माज्याच पायात नसतं आलं? तुमी जेवा. जेवलात की गोळी घ्या. एकवीस दिवस. या वेळी मी मोजनार हाय.”

त्यांनी मोजल्या. मामांनी एकवीस दिवस गोळ्या घेतल्या. ज्या रोगावर त्या हव्या होत्या त्यासाठी नव्हे, तर जो रोग त्यांना नव्हता त्यासाठी. गोळ्यांनी आपले काम केले. खोकला थांबला. बोईसरच्या प्रयोगशाळेत अठ्ठावन्नचे अकरा झाले. पहाटे मामांना सलग झोप लागते असे मामींनी मला सांगितले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्यालाही लागते, असेही.

पाय मात्र उतरले नाहीत. सूज पोटऱ्यांवर चढली, मग पोट फुगू लागले. डॉक्टर एकदा स्वतः वाडीवर आले. त्यांनी मामांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. खळगा तसाच राहिला. हत्तीरोगात दोन्ही पाय असे एकाच वेळी, एकसारखे सुजत नाहीत, असे ते म्हणाले. मग त्यांनी मामांना तक्क्याला टेकवून बसवले आणि बराच वेळ त्यांच्या मानेकडे पाहत राहिले. मानेतली शीर कानापर्यंत फुगलेली होती. बाहेर पडवीत त्यांनी मला सांगितले की ही सूज पायांची नाही, हृदयाची आहे.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात मामा सदुसष्टच्या जानेवारीत तीन आठवडे होते. कार्डिओग्राम झाला, छातीचे फोटो झाले. फोटोत हृदय फारसे मोठे दिसत नव्हते. तिथले एक तरुण डॉक्टर रोज संध्याकाळी विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन येत, मामांची शीर दाखवत आणि निघून जात. एकदा मी त्यांना जिन्यात गाठले. त्यांनी सांगितले ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले आहे. या पेशींच्या पोटात किड्यांना मारण्यासाठी काही जहाल पदार्थ असतात. पेशी फार झाल्या आणि फार दिवस राहिल्या, तर ते हृदयाच्या आतल्या अस्तराला लागतात असे दिसते. अस्तर सुजते, मग जाड होते, मग ताठ होते. हृदय आकुंचन पावते, पण सैल होत नाही, म्हणून त्यात रक्त पुरेसे मावत नाही आणि मागे तुंबते. त्यांनी दोनदा सांगितले की हे अजून सिद्ध झालेले नाही. मी विचारले, की पासष्ट सालीच एकवीस दिवस पूर्ण झाले असते तर? ते म्हणाले, याचे उत्तर कोणी देऊ शकणार नाही, पण पेशी लवकर उतरलेल्या केव्हाही चांगल्या. ताठ झालेले अस्तर पुन्हा मऊ करणारे औषध नाही, हे मात्र त्यांनी एकदाच सांगितले.

मामांना लघवी होण्याच्या औषधावर घरी सोडले. मीठ बंद झाले, म्हणजे सुकी मासळीही बंद. मासेवाली सुक्या बोंबलांची टोपली घेऊन अंगणात येईनाशी झाली. मामांना वास येऊ नये म्हणून ती मागच्या दाराने मामींकडे जाई. रिकाम्या हाताने मात्र पुढे येऊन बसे आणि गावोगावचे सांगे. जवानांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

आडवे झाले की मामांना गुदमरल्यासारखे होई, म्हणून ते पडवीत हाताच्या खुर्चीवर बसून झोपत. तिथून मळ्याचे फाटक दिसे. गडी पाने आणून समोर ओतत. मामा बसल्या जागी ती लावत, पण गड्डी बांधायला मामी लागत, कारण दोरीला गाठ मारताना त्यांना दम लागे.

मे महिन्यात शेवटचे रक्त तपासले. रिपोर्ट मी बोईसरहून आणला. मामांनी आकडा विचारला.

“तीन,” मी म्हणालो.

त्यांनी कागद हातात घेतला, पण वाचला नाही.

“मंग आता लढतंय कोन?”

मी त्यांना सांगितले, की लढण्यासारखे आता काही राहिलेले नाही, किडा नाही आणि पेशीही नाहीत. ते म्हणाले, बरं झालं. आणि त्यांनी विचारले, की मग पोट का उतरत नाही. मी त्यांना जिन्यातल्या डॉक्टरांनी सांगितलेले सगळे सांगितले, अस्तरापर्यंत. ते शेवटपर्यंत ऐकत होते. ऐकताना त्यांनी पानांना हात लावला नाही.

“म्हनजे आपलीच मानसं,” ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

मामा त्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, पडवीतल्या खुर्चीत बसलेले असताना वारले. शेवटचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. शेऱ्याच्या जागी ‘नॉर्मल’ असे टाइप केलेले आहे.